कंदांची नीज आणि मारुंजीचे ऋतू : प्रस्तावना

बागकामाविषयी जे लेखन आज मराठी वाचकाच्या हाती येते, त्याचा बराचसा भाग युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या पुस्तकांवर पोसलेला आहे, आणि त्या पुस्तकांतले वर्षाचे सारे गणित हिवाळ्याभोवती मांडलेले असते. जमीन गोठण्यापूर्वी, म्हणजे साधारणपणे सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, तिथला माळी दोन कामे उरकून घेतो. ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ, क्रोकस यांचे कंद तो मातीत पुरतो, कारण वसंतात फुलण्यासाठी त्यांना मधले थंडीचे महिने जमिनीखाली काढावेच लागतात. आणि डेलिया, कॅना, जिरॅनियम, बिगोनिया यांसारखी हिमाने करपणारी नाजूक झाडे तो उपटून, छाटून किंवा कुंडीसकट उचलून घरात, तळघरात किंवा काचघरात नेतो. मारुंजीत या दोन्ही सूचना जशाच्या तशा पाळणाऱ्याच्या पदरी निराशाच येते, कारण इथे जमीन कधी गोठत नाही, आणि झाडाच्या जिवावर उठणारे ऋतू इथे एक नसून दोन आहेत: मार्च ते मे हा भाजणारा कोरडा काळ आणि जुलै-ऑगस्टची न हटणारी ओल. तरीही त्या सूचना टाकाऊ ठरत नाहीत. त्यांच्यामागचे कारण ध्यानात घेतले तर त्या इथेही लागू पडतात, फक्त महिने बदलतात. एखाद्या झाडाला कोणता ऋतू कठीण जातो हे त्याच्या मूळ देशावर ठरते, आणि त्या ऋतूत ते कसे निजते हे कळले की लावणी कधी करावी, पाणी कधी तोडावे आणि कुंडी कधी हलवावी या तिन्ही प्रश्नांची उकल होते, असे या ग्रंथाचे प्रतिपादन आहे.

मारुंजी हे मुळशी तालुक्यातले गाव हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कला खेटून आहे. पुढे नेरे, जांबे आणि कासारसाईच्या धरणाकडे जाणारा मुलूख, उत्तरेला पवनेचे खोरे आणि दक्षिणेला मुळेचे. शेतजमिनींच्या जागी उंच इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्याने इथला आजचा बागकामकरी बहुधा दहाव्या-बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीत किंवा पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या छतावर टाकलेल्या मातीच्या थरात, आपली हौस भागवत असतो. खालची नैसर्गिक जमीन बेसाल्टाची. कुठे पाणी धरून ठेवणारी काळी, कुठे हातभर खाली मुरूम लागणारी उथळ. पोडियमच्या थरात मात्र बांधकामाचा राडारोडा मिसळलेला सापडतो, त्यातल्या चुन्या-सिमेंटमुळे माती विम्लधर्मी होते आणि झाडाला लोह मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात, हे या वसाहतींतल्या माळ्यांना ठाऊक असते. पण दोष बहुतेक वेळा पाण्याला किंवा खताला दिला जातो. पुण्यात वर्षाकाठी सरासरी सव्वासातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पश्चिमेला मुळशीच्या डोंगरांकडे जावे तसा तो झपाट्याने वाढत जातो. डिसेंबर-जानेवारीतले सरासरी किमान तापमान अकरा-बारा अंश सेल्सियस असते. पुण्याच्या वेधशाळेने १७ जानेवारी १९३५ रोजी नोंदवलेले १.७ अंश हा नीचांक, आणि तोही शून्याच्या वरच. रात्रीची थंड हवा जड असल्याने उतारावरून घरंगळून सखल भागात साचते, म्हणून नदीकाठच्या मोकळ्या शेतात जी रात्र सात अंशांची असते तीच दिवसभर तापलेल्या काँक्रीटला टेकलेल्या गॅलरीत बरीच उबदार जाते. वर्तमानपत्रातला तापमानाचा आकडा कुंडीला लागू पडेलच असे नाही.

कंद या शब्दाने व्यवहारात बऱ्याच भिन्न गोष्टींचा बोध होतो, म्हणून इथे थोडे शास्त्र आवश्यक आहे. कांदा, ट्यूलिप, निशिगंध यांचा खरा कंद म्हणजे एका चपट्या चकतीवजा खोडावर दाटीने बसलेले मांसल पानांचे पापुद्रे आणि त्यांच्या पोटात झाकलेला कोंब. ग्लॅडिओलसचा घनकंद कापला तर पापुद्रे दिसत नाहीत. ते भरीव, फुगलेले खोडच असते. हळद, आले आणि कर्दळ यांचा साठा मूलक्षोडात, म्हणजे जमिनीखाली आडव्या वाढणाऱ्या खोडात असतो, तर डेलियाचा साठा फुगीर मुळांत. या शेवटच्या भेदाला व्यवहारात मोठे महत्त्व आहे: डेलियाच्या मुळांवर डोळे नसतात, ते जुन्या खोडाच्या बुडाशी, मुळे जिथे त्याला जुळतात त्या गळ्यापाशी असतात, म्हणून गळा तुटलेले गुबगुबीत मूळ कितीही निरोगी दिसले तरी त्यातून झाड उगवत नाही. बाजारात सुटी विकली जाणारी अशी मुळे घेऊन फसलेल्यांची संख्या थोडी नसावी. या सर्व अवयवांचे काम मात्र एकच: अन्न साठवणे आणि कठीण ऋतूत वरची पाने टाकून देऊन मातीखाली थांबून राहणे. या थांबण्याला वनस्पतिशास्त्रात सुप्तावस्था म्हणतात. सुप्त कंद मेलेला नसतो आणि पूर्ण स्वस्थही नसतो. त्याचे श्वसन मंद गतीने चालू असते आणि कित्येकदा पुढच्या हंगामाचे फूल याच काळात आत घडत असते. ट्यूलिपचा कंद शरदात उभा चिरला तर पापुद्र्यांच्या मधोमध पाकळ्या, पुंकेसर आणि अंडाशय असलेली मोहरीएवढी कळी नुसत्या भिंगातून दिसते.

शरदात कंद लावून वसंतात फूल मिळवणे हा परदेशी शौक आहे, अशी समजूत असेल तर ती दूर करण्यासाठी चाकणच्या पलीकडे, खेड तालुक्यात गेले तरी पुरे. चाकणची कांद्याची बाजारपेठ जुनी, आणि तिथून जवळच राजगुरुनगरला भारतीय कृषी संशोधन परिषदेची कांदा व लसणावर संशोधन करणारी संस्था आहे. १९९४ साली नाशिकला राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था १९९८ मध्ये राजगुरुनगरला आली, आणि भीमा नदीचे नाव धारण करणारे भीमा सुपर, भीमा राज, भीमा शक्ती, भीमा किरण यांसारखे कांद्याचे वाण तिने दिले. कांद्याचे बी तयार करायचे असेल तर शेतकरी नेमके तेच करतो जे हॉलंडचा माळी ट्यूलिपसाठी करतो. चाळीत, म्हणजे खालून आणि बाजूंनी हवा खेळेल अशा लाकडी किंवा लोखंडी फळ्यांच्या कोठारात, राखलेल्या कांद्यांतून सारख्या आकाराचे, एकडोळी, वाणाच्या रंगाशी जुळणारे कांदे तो निवडतो, त्यांचा वरचा तिसरा-चौथा हिस्सा विळ्याने छाटतो म्हणजे कोंब लवकर मोकळा होतो, कापलेले कांदे बुरशीनाशकात बुडवतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरीत लावतो. थंडी पडते तशी कांद्याच्या पोटात उलथापालथ होते. काही आठवडे दहा ते पंधरा अंशांच्या आसपासच्या रात्री मिळाल्या की पाने फुटणाऱ्या कोंबाच्या जागी फुलाचा दांडा घडू लागतो, आणि जानेवारीअखेरपासून पोकळ दांड्यांच्या टोकांवर पांढऱ्या फुलांचे गोंडे उभे राहतात. बियाण्याच्या या पिकाला शेतकरी डोंगळे म्हणतो. थंडीने फुलाची कळ दाबली जाण्याच्या या क्रियेला या ग्रंथात शीतसंस्कार म्हटले आहे.

याच संस्काराची दुसरी बाजूही शेतकऱ्याला ठाऊक असते. खाण्यासाठी लावलेल्या कांद्यात रोपे वेळेआधी जाडजूड झाली आणि मग लांब थंडी पडली, तर पिकात डेंगळे येतात, कांद्याच्या मधोमध कडक दांडा राहतो आणि माल बाजारात पडून राहतो. एकाच थंडीला बियाणेवाला देणगी म्हणतो आणि शेजारचा शेतकरी संकट. चाळीचे शास्त्रही यातच दडलेले आहे: कांद्याचा कोंब शून्याजवळच्या थंडीत दबून राहतो, तसाच पंचवीस-तीस अंशांच्या कोरड्या उष्णतेतही दबून राहतो, आणि मधल्या, माणसाला सुखकर वाटणाऱ्या दहा ते वीस अंशांत तो सर्वांत जोमाने फुटतो. म्हणून एप्रिलमध्ये भरलेल्या चाळीत उन्हाळा निभावतो आणि परतीच्या पावसानंतर हवा उतरली की कोंब डोकावू लागतात. कंद कुठे ठेवावेत या प्रश्नाचे यापेक्षा चांगले प्रात्यक्षिक शहरातल्या बागप्रेमीला सापडणार नाही. स्वयंपाकघरातल्या टोपलीत दिवाळीच्या सुमारास कोंब आलेला कांदा कुंडीत खोचला, त्याला ऊन आणि बेताचे पाणी दिले, तर शिशिरात त्यालाही गोंडा येण्याची चांगली शक्यता असते. लसणाचेही पाऊल असेच पडते. त्याच्या पाकळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात, थंडीत पात वाढते आणि दिवस मोठे व तापते झाले की गड्डा भरतो.

ट्यूलिपचा प्रश्न यानंतर सोपा होतो. त्याला नऊ अंशांखालची थंडी सलग बारा ते सोळा आठवडे लागते, आणि मारुंजीत ती एक आठवडाही सलग मिळत नाही. काश्मिरात झबरवानच्या पायथ्याशी ट्यूलिपची विस्तीर्ण बाग फुलते ती तिथला बर्फाळ हिवाळा हा खर्च फुकटात भागवतो म्हणून. पुण्याकडे ज्यांना हा हट्ट पुरवायचाच आहे त्यांनी ऑक्टोबरात कंद आणून कागदी पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात चार-पाच अंशांवर ठेवावेत, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात थंड सावलीत लावावेत, आणि त्या कप्प्यात सफरचंद किंवा केळी ठेवू नयेत, कारण पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कंदाच्या आतली कळी जाळतो. एवढे करून फेब्रुवारीत जे फूल येते ते आखूड दांड्याचे असते आणि पारा तिशीला गेल्याबरोबर दोन-चार दिवसांत पाकळ्या टाकते. ते फूल वस्तुतः मारुंजीत घडलेलेच नसते. परदेशातल्या शेतात आदल्या वर्षी कंदाने जे अन्न साठवले आणि जी कळी घडवली, ती इथे केवळ उघडते. दुसऱ्या वर्षी त्याच कंदाकडून फुलाची अपेक्षा धरू नये. पाहुण्या फुलाला पाहुण्यासारखे वागवण्यात गैर काही नाही, परंतु विक्रेत्यांच्या चकचकीत चित्रांखाली ‘दरवर्षी फुलणारे’ असे छापलेले असते ते पुण्याच्या हवेपुरते खोटे आहे. हायसिंथ काहीसा कमी थंडीत भागवतो. रॅननक्युलस, ॲनिमोनी, फ्रीझिया आणि पेपरव्हाइट जातीचा नार्सिसस यांना मात्र लांब शीतसंस्काराची गरज नसते. भूमध्य सागराकाठच्या किंवा दक्षिण आफ्रिकेच्या टोकाकडच्या, म्हणजे हिवाळी पाऊस आणि कोरडा उन्हाळा असलेल्या मुलखांत उगम पावलेले हे कंद नोव्हेंबरात लावले, थंड रात्री आणि भरपूर ऊन दिले, तर फेब्रुवारीपर्यंत फुलतात. शरदात कंद लावण्याची हौस असलेल्या मारुंजीकराने ट्यूलिप सोडून यांच्याकडे वळावे, असा या ग्रंथाचा स्पष्ट सल्ला आहे.

परक्या कॅलेंडरची ही अडचण नवी नाही. मारुंजीपासून फार दूर नसलेल्या औंध-गणेशखिंड परिसरात १८७३ साली वनस्पती उद्यान स्थापन झाले, आणि त्याची व्यवस्था पाहणाऱ्या जी. मार्शल वुड्रो यांना हिंदुस्थानातल्या बागकामासाठी स्वतंत्र पुस्तक लिहावे लागले, कारण मायदेशी पुस्तकांतल्या महिन्यांवर विसंबून इथे बाग उभी राहत नव्हती. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीअखेर पुष्पप्रदर्शन भरते यातही तोच हिशेब आहे: पावसाळ्यानंतर लावलेली हंगामी फुले, डेलिया आणि शेवंती यांचा बहर इथे लंडनच्या ऐन हिवाळ्यात येतो.

या भागाचा खरा कंद म्हणावा तो निशिगंध. तो मूळचा मेक्सिकोचा, युरोपीयांच्या मार्गाने हिंदुस्थानात आला आणि असा रुजला की पुण्याच्या गुलटेकडी फुलबाजारात गुलछडी या नावाने किलोवर विकला जाणारा हा माल परका आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. त्याच्या मूळ देशी उन्हाळी पाऊस आणि कोरडा हिवाळा असतो, सह्याद्रीच्या पूर्व उतारासारखाच. म्हणून त्याची लावणी शरदात नव्हे तर एप्रिल-मे महिन्यांत करतात, मृगाच्या सरींवर तो जोर धरतो आणि पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत फुलतो. वीस-तीस ग्रॅम वजनाचा, निमुळत्या आकाराचा निरोगी कंद निवडून तो थोडे दिवस सावलीत विश्रांतीला ठेवणे आणि मग उताराच्या, पाणी न साचणाऱ्या जमिनीत लावणे, एवढीच त्याची मागणी. एक कंद एकदाच फुलतो. दुसऱ्या वर्षीचे फूल त्याच्या कडेने सुटलेल्या पिल्लांचे असते, त्यामुळे तीन वर्षांनी गर्दी होऊन दांडे बारीक पडतात तेव्हा सगळा गड्डा उकरून वेगळा करावा लागतो. सिंगल जातीला वास अधिक, म्हणून ती हार-वेणीसाठी सुटी जाते. डबल जातीचे दांडे फुलदाणीत जातात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले रजनी आणि बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे शृंगार व प्रज्वल हे वाण या भागात सहज नावाने मागितले जातात. गॅलरीतल्या कुंडीतही निशिगंध चांगला येतो, पण त्याला निदान सहा तास ऊन हवे. सावलीत तो नुसते गवत वाढवतो.

ग्लॅडिओलसचा प्रकार मधला आहे. त्याची लावणी जून-जुलैत आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात करता येते, आणि दुसरी सरस, कारण थंडीत दांडा सरळ व फूल टिकाऊ येते. फुलाचा दांडा कापताना खाली चार-पाच पाने राखावी लागतात, ती का ते जमीन उकरल्यावर दिसते: लावलेला घनकंद सुरकुतून चकती झालेला असतो, त्याच्या डोक्यावर नवा घनकंद बसलेला असतो आणि दोहोंच्या सांध्याभोवती हरभऱ्याएवढी पिल्ले चिकटलेली असतात. हे सारे त्या चार-पाच पानांनी दीड-दोन महिन्यांत कमावलेले असते. नव्या घनकंदाची झोप हट्टी असते. मार्चमध्ये काढलेला कंद लगेच लावला तर महिनोन्महिने मातीत तसाच बसून राहतो. शेतकरी त्याला शीतगृहात चार-पाच अंशांवर तीन महिने ठेवतात, आणि घरच्या बागेत तेच काम फ्रिज करतो. म्हणजे झोप मोडण्यासाठी थंडी, हे ट्यूलिपचेच सूत्र इथेही लागू पडते. कांद्याप्रमाणे इथे थंडीने फूल घडत नाही, नुसते दार उघडते.

डेलियाच्या बाबतीत तर एकाच झाडाची दोन पंचांगे दिसतात. इंग्लंडात तो वसंतात लावतात, उन्हाळाभर फुलवतात आणि पहिल्या हिमाने पाने काळी पडली की मुळे उकरून वाळूत किंवा भुशात हिवाळाभर जपतात. पुण्यात तो हस्ताचा पाऊस सरता सरता लावतात, डिसेंबर-जानेवारीत फुलवतात आणि मार्चमध्ये खोड वाळले की तीच मुळे, तशाच कोरड्या वाळूत, उन्हाळाभर आणि पुढे पावसाळाभर जपतात. वाळू, सावली, अंधार आणि अधूनमधून डोकावून सडके मूळ काढून टाकणे, ही कृती दोन्हीकडे एकच. इथे शत्रू उष्णता आणि कुजवी ओल, तिथे हिम.

सह्याद्रीच्या रानातले कंद हा या ग्रंथातला सर्वांत मोठा भाग आहे, आणि त्याचे कारण आपुलकीपेक्षा शास्त्रीय आहे. दरवर्षी आठ महिने कोरड्या राहणाऱ्या कातळावर चार महिन्यांत उगवणे, फुलणे, बी धरणे आणि कंदात परत जाणे ही किमया या वनस्पतींनी साधली आहे, आणि मारुंजीच्या हवेत सुप्तावस्था कशी असावी याचे उत्तर त्यांनी माणसाच्या आधी शोधले आहे. पहिल्या वळवाने जमीन भिजली की पाने फुटण्याआधीच फूल वर काढणारे कंद यांत आहेत, आणि पावसाळ्याच्या उतरणीला फुलणारी रानहळदही आहे. मुसळीच्या जाती पहिल्या पावसाबरोबर वर येतात. त्यांतल्या सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे. कळलावीचा नांगराच्या फाळासारखा दुभंगलेला मांसल कंद जूनमध्ये जागा होतो, पानांच्या टोकांच्या तणाव्यांनी वेल कुंपणावर चढते, श्रावण-भाद्रपदात पिवळ्यातून लाल होत जाणारी, उलट्या पाकळ्यांची फुले येतात आणि दिवाळीनंतर वर काहीही उरत नाही. तिच्या सर्व भागांत, कंदात तर विशेष करून, कोल्चिसिन हे विष असते. लहान मुले असलेल्या घरात ती लावू नये. कंदीलपुष्प वर्गातल्या खरपुडीचे कंद गुराखी उकरून खात आले आहेत, आणि त्यातल्या काही जाती आता मोजक्याच डोंगरमाथ्यांवर उरल्या आहेत. म्हणून रानातून कंद उकरून आणण्याची कोणतीही पद्धत या ग्रंथात दिलेली नाही. बियांपासून किंवा रोपवाटिकेतल्या वाढवलेल्या रोपांपासून जे शक्य आहे तेवढेच सांगितले आहे, आणि कंद फुलायला त्यामुळे तीन-चार वर्षे लागत असतील तर ती लागू द्यावीत.

आता नाजूक झाडांच्या हिवाळ्याविषयी. महाराष्ट्रात थंडीपासून पीक वाचवण्याची खरी धडपड निफाड परिसरातल्या द्राक्षबागांत दिसते. पारा चार-पाच अंशांकडे घसरला की तिथले बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात आणि बागेला पाणी देतात, कारण ओल्या जमिनीतून रात्री ऊब अधिक काळ निघत राहते. मारुंजीत एवढे करण्याची वेळ सहसा येत नाही. इथे हिवाळ्यात झाडे मरतात ती थंडीने नव्हे, थंडीतल्या पाण्याने. अडेनियम, चाफा, कॅलेडियम, हळदीच्या जातीची शोभेची झाडे आणि फुटबॉल लिली ही उष्ण देशांतली झाडे दिवस लहान झाले की पाने गाळू लागतात; मालकाला ती आजारी वाटतात, तो पाणी आणि खत वाढवतो, आणि मुळे काम करेनाशी झालेली असल्याने ते पाणी कुंडीत साचून कंद आतून मऊ पडतो. पिवळे पान हे इथे पाणी तोडण्याचे चिन्ह आहे. कॅलेडियमची शेवटची पाने वाळली की कुंडी आडवी करून जिन्याखाली ठेवावी आणि वळवाचा वास येईपर्यंत तिच्याकडे पाहूही नये. फुटबॉल लिली तर मे महिन्यात कोरड्या मातीतून नुसता फुलाचा लाल चेंडू वर काढते. त्याआधीचे चार-पाच महिने तिची कुंडी रिकामी आहे असेच वाटते.

थंडीइतकेच, किंबहुना जास्त, जपावे लागते ते दुसऱ्या टोकाला. जिरॅनियम, फ्यूशिया यांसारख्या थंड हवेच्या झाडांना युरोपात हिवाळ्यात घरात घेतात. मारुंजीत त्यांना एप्रिलमध्ये उत्तरेच्या गॅलरीत हलवावे लागते आणि जुलैत पावसाच्या माऱ्यातून आत घ्यावे लागते. शेवंतीचा बहर सरला की झाड जमिनीलगत छाटून मातृझाड म्हणून उन्हाळाभर अर्धवट सावलीत जगवतात आणि बुडातून फुटलेल्या काश्या पुढच्या लावणीसाठी घेतात. पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी हे करत आला आहे, पण नाजूक झाड ऋतूपार नेण्याची ही कला आहे असे त्याला कुणी सांगितले नाही. हळदीचे बेणे सावलीत, हळदीच्याच पाल्याखाली झाकून अक्षय्य तृतीयेच्या सुमाराच्या लावणीपर्यंत राखणे हीदेखील तीच कला.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांची गोष्ट या सगळ्याच्या उलट आहे, आणि त्यांच्यासाठी एक वेगळे प्रकरण राखले आहे. न्यू जर्सी, टोरांटो किंवा लंडनच्या उपनगरांत ऑक्टोबर उजाडला की तुळस, कढीपत्ता, मोगरा आणि जास्वंद यांच्या कुंड्या आत येतात, आणि मराठी घरातला हा शरदाचा विधी आता दोन पिढ्या जुना झाला आहे. कढीपत्ता बारा-तेरा अंशांखाली वाढ थांबवतो आणि काचेच्या खिडकीतल्या अपुऱ्या उजेडात पाने गाळतो; पाने गळली म्हणजे झाड गेले असे नव्हे, नखाने साल खरवडून आत हिरवे दिसले तर पाणी जवळजवळ तोडून एप्रिलची वाट पाहावी. तुळशीचे तसे नाही. ती थोड्या वर्षांची सोबतीण असल्याने सप्टेंबरातच फांदी पाण्यात रुजवून नवे रोप करून ठेवणे शहाणपणाचे. अमेरिकेत कढीपत्त्याची रोपे एका राज्यातून दुसऱ्यात नेण्यावर निर्बंध आहेत, कारण लिंबूवर्गीय फळझाडांचा रोग पसरवणारी सिला ही कीड त्यावर वाढते. भारतातून सामानात रोप किंवा बी घेऊन जाण्याचा मोह म्हणूनच आवरावा. त्याच अंगणात, कुंड्या आत घेतल्या की मोकळ्या झालेल्या हातांनी, डॅफोडिलचे कंद त्यांच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल पुरता येतात. हरिणांचा उपद्रव असलेल्या वस्तीत ट्यूलिपपेक्षा डॅफोडिल बरे, कारण त्याचा विषारी कंद हरणे तोंडी लावत नाहीत.

महिने देण्याच्या पद्धतीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक वनस्पतीपुढे इंग्रजी महिना आणि शक्य तिथे नक्षत्र, असे दोन्ही दिले आहे, कारण लावणीची खरी खूण तारीख नसून पाऊस आणि रात्रीची हवा ही आहे, आणि मृग कोरडे गेले किंवा हस्त लांबला तर लावणीही त्याप्रमाणे पुढेमागे करावी लागते. परतीचा पाऊस नोव्हेंबरात रेंगाळला तर रॅननक्युलसची लावणी खुशाल पंधरा दिवस पुढे ढकलावी. ओल्या उबदार मातीत घाईने लावलेले कंद सडण्यापेक्षा उशिरा आलेले फूल चांगले.

मारुंजीसारख्या वसाहतींत सुप्त कंदांचा सर्वांत मोठा घात हवामानाने होत नाही, तो साफसफाईने होतो. वर पान नसलेली कुंडी सोसायटीच्या माळ्याला रिकामी वाटते, घरकामाला येणाऱ्या बाईला अडगळ वाटते, आणि पावसाळ्यापूर्वी तिच्यातली माती दुसऱ्या झाडाला घातली जाते. तीन वर्षे जपलेला फुटबॉल लिलीचा कंद असा जास्वंदीच्या बुडाशी जातो. म्हणून ग्रंथाच्या परिशिष्टात कुंडीत खोचायच्या पाट्यांचा नमुना दिला आहे. पाटीवर झाडाच्या नावाखाली पाणी कोणत्या तारखेला तोडले आणि पुन्हा कोणत्या महिन्यात द्यायचे, या दोन नोंदी मराठीत, शिसपेन्सिलीने कराव्यात. पुण्याच्या एप्रिलच्या उन्हात मार्कर पेनची शाई पुसट होऊन जाते, शिसे टिकते.